स्थिर काय आणि सरकतं काय? वेबपानाच्या मांडणीतला एक जुना प्रश्न



आजचा विषय तसा कारागिरीचा आहे. वेबपानाचा काही भाग जागेवर थांबवायचा आणि काही भाग सरकू द्यायचा, हे सीएसएसमध्ये कसं करतात ते आपण बघणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. त्याचं उत्तर बोलण्याच्या ओघात मिळेल. आधी माझी एक फजिती सांगतो.

नातेपुत्याला वारीत माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. पण ही व्याख्यानं बाहेरगावचे लोकही वाचतात, म्हणून सांगतो. आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. पुढे माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. सीएसएस शिकताना सरावाला काहीतरी हवं, म्हणून मी या मुक्कामांचं एक पान तयार केलं. वर नावाची पट्टी, खाली उपयोगी फोन क्रमांकांची पट्टी, मध्ये तक्ता. दोन्ही पट्ट्या पक्क्या, मधला तक्ता सरकता. माझ्या संगणकावर पान झकास दिसत होतं.

ते मी आमच्या शेजारच्या एका वारकरी गृहस्थांना मोबाइलवर पाठवलं. दोन दिवसांनी ते म्हणाले, "सर, पान ब्येस झालंय. पण तुमची पालखी वाखरीतच बसलीय. पंढरपूरला काय पोचंना."

मी त्यांचा मोबाइल हातात घेऊन बघितलं, तर खरंच. तक्ता कितीही वर सरकवला, तरी शेवटची ओळ वाखरीची. पंढरपूरची ओळ पानात होती, पण ती माझ्या त्या खालच्या पक्क्या पट्टीच्या मागं दडून बसली होती. शिवाय नजर अधू म्हणून त्यांनी मोबाइलमधली अक्षरं मोठी केलेली. त्यामुळे वरची पट्टी तीन ओळींची झाली होती, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये तक्त्याच्या जेमतेम तीन ओळी दिसत होत्या. ज्या माणसासाठी पान केलं, त्यालाच ते वाचता येत नव्हतं.

ही चूक कुठं झाली आणि ती कशी टाळायची, हेच आजचं व्याख्यान. नियमांची नावं मी उच्चाराप्रमाणे सांगणार आहे आणि लिखित रूपातही ती देवनागरीतच असतील. संगणकात मात्र ती रोमन अक्षरांत टाइप करायची, हे लक्षात असू द्या.

खिडकी आणि कागद

सगळ्यात आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. एक कागद आणि एक खिडकी. तुमचं पान म्हणजे एक लांबच लांब कागद. ब्राउझर म्हणजे त्या कागदासमोर धरलेली खिडकी. तिला व्ह्यूपोर्ट म्हणतात. कागद खिडकीपेक्षा लांब असला की तो खिडकीमागून वर-खाली सरकतो. यालाच आपण स्क्रोल म्हणतो.

काहीच सांगितलं नाही, तर ब्राउझर सगळा मजकूर एकाखाली एक मांडत जातो आणि सगळा कागद एकदम सरकतो. हा स्वाभाविक प्रवाह. तो अगदी साधा आहे आणि बहुतेक पानांना तेवढा पुरतो. प्रश्न येतो तो कागदावरची एखादी गोष्ट कायम डोळ्यांसमोर हवी असते तेव्हा. तक्त्याचं शीर्षक, शोधाची चौकट, पुस्तकाची अनुक्रमणिका, अशा गोष्टी.

यावर पहिला उपाय निघाला तो फ्रेम्सचा. १९९६ साली आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत खिडकीचेच तुकडे पाडायची सोय होती. डावीकडच्या तुकड्यात एक स्वतंत्र पान, उजवीकडच्या तुकड्यात दुसरं. डावं जागेवर राहायचं, उजवं सरकायचं. सोय होती, पण खोट मोठी होती. खिडकीत दिसणाऱ्या दोन-तीन पानांना मिळून एक पत्ता नसायचा. आतलं पान बदललं तरी वरचा पत्ता तोच राहायचा, त्यामुळे नेमकं तेच दृश्य दुसऱ्याला पाठवता यायचं नाही. शोधयंत्रातून कोणी आलं, तर नुसत्या आतल्या तुकड्यावर येऊन पडायचं. ना डोकं ना पाय. २०१४ साली एचटीएमएल ५ प्रमाणित झालं, त्यात फ्रेमसेट कालबाह्य ठरवले गेले.

दरम्यान दुसरी वाट तयार होत होती. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये होकोन व्यूम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव मांडला, बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली पातळी प्रमाण म्हणून जाहीर झाली. मजकूर वेगळा आणि त्याची मांडणी वेगळी, हा त्यामागचा विचार. मे १९९८ च्या दुसऱ्या पातळीत पोझिशन हा गुणधर्म आला आणि त्यात फिक्स्ड ही किंमत होती. म्हणजे खिडकीचे तुकडे न पाडता, एकाच पानातला एखादा भाग थांबवता येणार होता. पण कागदावर नियम आला म्हणून तो लगेच चालतोच असं नाही. २००१ मधला इंटरनेट एक्सप्लोरर ६ पोझिशन: फिक्स्ड जाणतच नव्हता, २००६ च्या सातव्या आवृत्तीत ते आलं. मधली वर्षं लोकांनी नाना खटपटी करून काढली.

कशाच्या सापेक्ष?

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. स्थिर असणं हा वस्तूचा अंगचा गुण नाही, ते एक नातं आहे. अमुक वस्तू स्थिर आहे, हे वाक्य अपुरं असतं. अमुक वस्तू तमुक गोष्टीच्या सापेक्ष स्थिर आहे, असं म्हटलं की ते पुरं होतं. पान मांडताना होणाऱ्या निम्म्याअधिक चुका या दुसऱ्या भागाचा विसर पडल्यानं होतात.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलनं 'फिजिक्स'च्या चौथ्या भागात जागा म्हणजे काय याचा विचार केला. नदीत चाललेली होडी घ्या. तिला लगटून असलेलं पाणी हेच तिची जागा मानलं, तर पंचाईत होते, कारण पाणी स्वतःच वाहतंय. मग तो म्हणतो की जागा म्हणायचं तर सबंध नदीला म्हणावं, कारण सबंध नदी हलत नाही. आपल्याकडे इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानं होडीचाच दाखला दिला. होडीतून पुढं जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर गोष्टी मागं जाताना दिसतात, तसंच आकाशातल्या ताऱ्यांचं आहे. दोघांचे निष्कर्ष निराळे, पण दोघांनीही आधी हेच विचारलं, की स्थिर म्हणजे कशाच्या सापेक्ष?

आपल्या घरचा दाखला घ्यायचा तर रिंगण बघा. नातेपुत्याहून पालखी माळशिरसकडे निघाली की वाटेत पुरंदावड्याला, सदाशिवनगरपाशी, गोल रिंगण होतं. मध्ये पालखी, भोवती टाळकरी आणि पताका, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या वाटेनं अश्व धावतात. त्या रिंगणापुरती पालखी स्थिर. पण आळंदी-पंढरपूर वाटेच्या हिशोबानं ती चालतीच आहे; रिंगण संपलं की निघाली. म्हणजे एकच पालखी एका चौकटीत स्थिर आणि दुसऱ्या चौकटीत चालती. हे चित्र ध्यानात ठेवा, पुढं त्याचा उपयोग होणार आहे.

सीएसएसमध्ये पोझिशन या गुणधर्माच्या पाच किमती आहेत, आणि प्रत्येकीला हाच प्रश्न विचारायचा.

स्टॅटिक ही मुळातली किंमत. वस्तू प्रवाहात जिथं येईल तिथं राहते. रिलेटिव्हमध्ये वस्तूची जागा प्रवाहातच राहते, पण तिला त्या मूळच्या जागेपासून थोडं हलवता येतं. तिचा आधार तिचीच मूळ जागा. ॲब्सोल्यूट प्रवाहातून बाहेर निघते आणि आपल्या वाडवडलांपैकी जी सगळ्यात जवळची पेटी स्टॅटिक नाही, तिच्या कडा धरून बसते. नाव ॲब्सोल्यूट, म्हणजे निरपेक्ष, पण वागणं पूर्ण सापेक्ष. फिक्स्ड खिडकीच्या कडा धरते. आणि स्टिकी आपल्या सर्वांत जवळच्या सरकत्या पेटीच्या कडेला चिकटते, पण आपल्या आईबापाच्या पेटीबाहेर जात नाही.

म्हणजे नियम लिहिताना आधी पेन्सिलीनं कागदावर लिहा, कोण कोणाला धरून थांबणार आहे. ते लिहिता आलं की नियम लिहिणं दोन मिनिटांचं काम.

फिक्स्डची किंमत

फिक्स्ड लिहायला सोपं आहे. वरच्या पट्टीला पोझिशन: फिक्स्ड, टॉप: ०, लेफ्ट: ०, राइट: ० असं दिलं की पट्टी खिडकीच्या वरच्या कडेला बसली. मोह इथंच होतो.

फिक्स्ड केलेली वस्तू प्रवाहातून निघून जाते. म्हणजे तिच्यासाठी कागदावर जागाच उरत नाही. खालचा मजकूर वर सरकतो आणि तिच्या मागं लपतो. वर पट्टी असेल तर पहिली ओळ लपते, खाली पट्टी असेल तर शेवटची. माझं पंढरपूर असंच गेलं. उपाय म्हणून पानाला वर-खाली पट्टीइतकी पॅडिंग ठेवतात. पण पट्टीइतकी म्हणजे किती? तुम्ही ६० पिक्सेल धरून ठेवाल. वाचकानं अक्षरं मोठी केली की पट्टी १२० ची होईल आणि पुन्हा तेच.

इथं मराठीपुरती एक गोष्ट सांगतो. पट्टीला हाइट म्हणून पक्की उंची कधी देऊ नका. देवनागरी अक्षराला वर मात्रा आणि वेलांट्या असतात, खाली उकार आणि पाय मोडलेले असतात. इंग्रजी अक्षरांच्या अंदाजानं ओळीची उंची ठेवली, तर 'पूर'चा ऊकार खालून छाटला जातो. लाइन-हाइट दीडपेक्षा थोडी जास्त, १.६ वगैरे ठेवा. उंचीऐवजी पॅडिंग द्या, फारतर मिन-हाइट द्या. पेटीला वाढायला मोकळीक हवी. माझ्या तक्त्यात 'भंडीशेगाव' हा शब्दही अरुंद रकान्यातून बाहेर पडत होता, तेव्हा शब्दांच्या लांबीचाही विचार ठेवा.

फिक्स्डचा दुसरा त्रास अंतर्गत दुव्यांचा. पानावर वर 'माळशिरस' असा दुवा आहे, त्यावर बोट ठेवलं की पान सरकून माळशिरसचं शीर्षक खिडकीच्या वरच्या कडेला येतं, आणि तिथं तर तुमची पट्टी बसलेली. शीर्षक पट्टीमागं गेलं. यावर उपाय आहे. मूळ एचटीएमएल घटकाला स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्यायचं, म्हणजे ब्राउझर तेवढं अंतर राखून थांबतो. माप पिक्सेलमध्ये देण्यापेक्षा आरईएममध्ये द्या. अक्षरं वाढली की ते अंतरही वाढतं.

तिसरा त्रास जरा आडवाटेचा आहे, पण माझ्या मुद्द्याचा भक्कम पुरावा आहे. फिक्स्ड खिडकीला धरून असते असं मी म्हटलं. पण तिच्या वाडवडलांपैकी कुणाला ट्रान्स्फॉर्म, पर्स्पेक्टिव्ह किंवा फिल्टर लावलेलं असेल, तर फिक्स्डचा आधार खिडकी न राहता ती पेटी होते. मग पेटी सरकली की फिक्स्ड वस्तूही सरकते. शिकणारी मुलं अशा वेळी फिक्स्डच्याच ओळीकडे टक लावून बघत बसतात. ती ओळ बरोबरच असते, बदललेला असतो तो आधार.

स्टिकी: मुक्कामापुरतं थांबणं

स्टिकी ही किंमत ब्राउझरांमध्ये बरीच उशिरा रुजली. फायरफॉक्समध्ये ती २०१४ साली आली, क्रोममध्ये २०१७ साली. त्याआधी हेच काम लोक जावास्क्रिप्टनं करायचे. स्क्रोल किती झाला ते सतत मोजायचं आणि वेळ आली की वस्तू फिक्स्ड करायची. त्यात पान अडखळत सरकायचं.

स्टिकी वस्तू प्रवाहातच राहते. तिची जागा कागदावर राखलेली असते, म्हणून ती मुळात कुणाला झाकत नाही. कागद सरकत सरकत ती वरच्या कडेला आली की थांबते, आणि तिची आईबाप-पेटी संपत आली की त्या पेटीबरोबर निघून जाते. इथं रिंगणातली पालखी आठवा. रिंगण आहे तोवर मध्ये स्थिर, रिंगण संपलं की वाटेला लागली. फिक्स्डमध्ये हे निघून जाणं नाही, म्हणून वरच्या पट्टीसाठी माझा कौल नेहमी स्टिकीला. पोझिशन: स्टिकी, टॉप: ०, आणि मागचा मजकूर आरपार दिसू नये म्हणून पट्टीला पार्श्वभूमीचा रंग. बस.

पण स्टिकी चालत नाही अशी तक्रार फार येते. चार कारणं तपासा.

पहिलं, टॉप किंवा बॉटम दिलंय का? कुठं चिकटायचं ते सांगितल्याशिवाय ती चिकटत नाही.

दुसरं, आईबाप-पेटीची उंची वस्तूइतकीच तर नाही? मग सरकायला वावच नसतो. पट्टीला उगाच एका वेगळ्या डिव्हमध्ये गुंडाळून ठेवलं की हे होतं.

तिसरं, वरच्या एखाद्या पेटीला ओव्हरफ्लो: हिडन, ऑटो किंवा स्क्रोल आहे का? असेल तर ब्राउझरच्या लेखी ती पेटीच सरकती पेटी ठरते. मग स्टिकी खिडकीला न चिकटता तिला चिकटू बघते; आणि ती पेटी स्वतः सरकत नसेल, तर काहीच घडत नाही. नुसतं बाजूला सांडणारं काही छाटायचं असेल, तर हिडनऐवजी क्लिप द्या. क्लिपमुळे पेटी सरकती होत नाही.

चौथं, फ्लेक्स किंवा ग्रिडमध्ये बाजूची अनुक्रमणिका स्टिकी केलीय का? तिथं घटक आपोआप पूर्ण उंचीला ताणले जातात, मग ती चिकटणार कशी? तिला अलाइन-सेल्फ: स्टार्ट द्या.

तक्त्याची गोष्ट

आपल्याकडच्या पानांवर तक्ते फार. बाजारभाव, निकाल, मतदार याद्या, मुक्कामांच्या वेळा. मोबाइलवर तक्ता रुंदीत मावत नाही, म्हणून त्याला बाहेरून एक पेटी घालतात आणि ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो देतात, म्हणजे तक्ता आडवा सरकतो. आणि शीर्षकाची ओळ दिसत राहावी म्हणून टीएच घटकांना स्टिकी करतात. दोन्ही एकत्र केलं की शीर्षक चिकटायचं बंद होतं. का?

कारण नियम असा आहे, की आडव्या दिशेला ऑटो दिलं की उभ्या दिशेचं व्हिजिबल आपोआप ऑटो धरलं जातं. म्हणजे तुम्ही फक्त आडवं सरकवायला सांगितलं, पण पेटी दोन्ही दिशांना सरकती ठरली. शीर्षक तिला चिकटतं. पण उभं सरकतंय ते सबंध पान, पेटी नव्हे. शीर्षक आपल्या आधाराच्या सापेक्ष स्थिर आहे आणि आधारासकट वर निघून जातं. नियमाबरहुकूम सगळं बरोबर, वाचकाला मात्र निरुपयोगी.

यावर उपाय म्हणजे त्या पेटीलाच उंचीची मर्यादा द्यायची. मॅक्स-हाइट: ७०डीव्हीएच आणि ओव्हरफ्लो: ऑटो दिलं, की उभं-आडवं दोन्ही सरकणं पेटीच्या आतच होतं आणि शीर्षक नीट चिकटतं. पहिला रकाना, म्हणजे गावाचं नाव, डावीकडे थांबवायचा असेल तर त्याला लेफ्ट: ० आणि स्टिकी द्या. डाव्या वरच्या कोपऱ्यातला चौकोन दोन्ही दिशांना चिकटतो, म्हणून त्याचा झेड-इंडेक्स बाकीच्यांहून जास्त ठेवा, नाहीतर दुसरं कुणी त्याच्यावर चढून बसतं. आणि बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स असेल तर रेषा शीर्षकाबरोबर न थांबता निघून जाताना दिसतात, सेपरेट करून बॉर्डर-स्पेसिंग: ० ठेवलं की राहतात.

अशी सरकती पेटी केली, की तिला टॅबइंडेक्स: ० द्यायला विसरू नका. माउस किंवा बोट न वापरता कळफलकावरच काम करणारे लोक असतात. त्यांना त्या पेटीत शिरता आलं, तरच ती सरकवता येणार.

सबंध खिडकीची चौकट

काही पानं वाचायची नसतात, वापरायची असतात. नकाशा, गप्पांचं ॲप, हिशोबाची वही. तिथं वर पट्टी, खाली पट्टी आणि मधलाच भाग सरकता हवा. अशा वेळी फिक्स्डच्या नादी लागू नका, ग्रिड वापरा. बाहेरच्या पेटीला एवढं द्यायचं:

डिस्प्ले: ग्रिड
हाइट: १००डीव्हीएच
ग्रिड-टेम्प्लेट-रोज: ऑटो मिनमॅक्स(०, १एफआर) ऑटो

आणि मधल्या भागाला ओव्हरफ्लो: ऑटो. पहिला आणि तिसरा ऑटो म्हणजे पट्ट्या आपल्या मजकुराइतक्या उंच. उरलेली सगळी जागा मधल्याला. पट्टी वाढली की मधला भाग आपोआप कमी होतो, कुणी कुणाला झाकत नाही. माझी शेवटची ओळ लपण्याची चूक इथं घडूच शकत नाही.

दोन खाचाखोचा. नुसतं १एफआर न लिहिता मिनमॅक्स(०, १एफआर) का? कारण ग्रिड आणि फ्लेक्समधला घटक मुळात आपल्या मजकुराहून लहान व्हायला तयार नसतो. त्याची किमान उंची ऑटो असते. तक्ता मोठा असला की तो चौकट फाडून खाली जातो. शून्यापर्यंत लहान झालास तरी चालेल, असं त्याला सांगावं लागतं. एरवी ओव्हरफ्लो: ऑटो दिलेला असेल तर ब्राउझर बहुतेक वेळा हे सांभाळून घेतो, पण सरकती पेटी आणखी आत, दुसऱ्या पेटीत असली की तो सांभाळत नाही. फ्लेक्समध्ये हेच काम मिन-हाइट: ० करतं.

दुसरी खाच १००डीव्हीएचची. पूर्वी सगळे १००व्हीएच लिहायचे. मोबाइलच्या ब्राउझरात पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते. बहुतेक मोबाइल ब्राउझरांत व्हीएच हे ती पट्टी लपल्यावरच्या मोठ्या उंचीवरून मोजलं जातं, म्हणून पट्टी दिसत असताना तुमची खालची पट्टी पडद्याबाहेर जाते. २०२२ मध्ये प्रमुख ब्राउझरांत नवी मापं आली. एसव्हीएच लहान उंचीचं, एलव्हीएच मोठ्या उंचीचं, आणि डीव्हीएच त्या क्षणी असेल त्या उंचीचं. बघा, इथं प्रश्न पुन्हा तोच. उंची १००, पण कुठल्या खिडकीच्या शंभर?

या चौकटीचा एक तोटा सांगितला पाहिजे. पान छापायला गेलात तर सरकत्या पेटीतला दिसणारा भागच कागदावर येतो, बाकीचा जातो. आपल्याकडे अजून छापून भिंतीवर लावायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. म्हणून मीडिया प्रिंटच्या नियमात हाइट: ऑटो, ओव्हरफ्लो: व्हिजिबल आणि पोझिशन: स्टॅटिक असं करून सगळं पुन्हा प्रवाहात सोडा.

काय थांबवावं?

आतापर्यंत कसं थांबवायचं ते बघितलं. पण थांबवावं का, हा प्रश्न आधीचा आहे. मोबाइल आडवा धरला की पानाला उंची मिळते साधारण ३६० पिक्सेल. त्यात वर ६४ ची पट्टी आणि खाली ५६ ची, म्हणजे १२० गेले. एक तृतीयांश खिडकी तुमच्या नावाला आणि चिन्हाला गेली. वाचक काही लिहायला लागला की कळफलक उरलेल्यातलं अर्ध्याहून जास्त घेतो. ज्यानं अक्षरं दुप्पट केली आहेत, त्याचं काय होतं ते मी बघितलंय.

कागदावरची जागा लेखकाची, ती लागेल तेवढी लांब करता येते. खिडकीतली जागा वाचकाची, आणि ती मोजकी आहे. थांबवलेली प्रत्येक गोष्ट वाचकाच्या जागेतून उचललेली असते. ती वाचकाच्या कामाची असेल तरच तिला तिथं बसण्याचा हक्क आहे. तक्त्याचं शीर्षक कामाचं, कारण त्याशिवाय आकडा कशाचा ते कळत नाही. संस्थेचं बोधचिन्ह एकदा दिसलं की पुरे.

जालावरच्या सुगम्यतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही हेच निराळ्या शब्दांत सांगतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये अशी अट घातली आहे, की कळफलकानं ज्या घटकावर आपण आहोत, तो पक्क्या पट्ट्यांमागं पूर्ण झाकला जाऊ नये.

करायला सोपं एक काम सांगतो. स्टिकीचा नियम मीडिया क्वेरीत ठेवा, मिन-हाइट: ३०आरईएम अशी अट घालून. खिडकी तेवढी उंच असेल तर पट्टी थांबेल, नसेल तर मुकाट्यानं मजकुराबरोबर सरकून जाईल.

माझं पान मी दुरुस्त केलं. खालची पट्टी काढून टाकली आणि फोन क्रमांक तक्त्याखाली साध्या मजकुरात ठेवले. वरची पट्टी सरकू दिली. थांबवलं फक्त तक्त्याचं शीर्षक आणि गावाच्या नावाचा रकाना. शेजाऱ्यांना पुन्हा पाठवलं. त्यांनी तिथल्या तिथं शेवटपर्यंत सरकवून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता आली चंद्रभागा."

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, बूटस्ट्रॅपमध्ये फिक्स्ड-टॉप आणि स्टिकी-टॉप असे तयार वर्ग मिळतात. मग हे सगळं शिकायची गरज काय?

उत्तर: वापरा की, माझी काही हरकत नाही. पण त्या वर्गांच्या आत हेच नियम आहेत. चालतंय तोवर प्रश्न नाही. ज्या दिवशी पट्टी थांबायची बंद होईल, त्या दिवशी तुम्हाला आधार कुठला ते शोधावंच लागेल, आणि ते बूटस्ट्रॅप सांगणार नाही.

प्रश्न: आतली पेटी सरकवताना ती संपली की मागचं पान सरकायला लागतं. ते कसं थांबवायचं?

उत्तर: आतल्या पेटीला ओव्हरस्क्रोल-बिहेवियर: कंटेन द्या. सरकणं तिच्यातच राहील. पण लांब पानाच्या मधोमध अशी पेटी असेल, तर वाचकाचं बोट तिथं अडकून पडतं, पुढं जाता येत नाही. तेव्हा ते वरून उघडणाऱ्या चौकटीपुरतंच ठेवा.

प्रश्न: तपासायचं कसं? माझ्याकडे एकच मोबाइल आहे.

उत्तर: एक पुरतो. अक्षरं सगळ्यात मोठी करा, मोबाइल आडवा धरा आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन बघा. ती दिसली की घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसून बघत राहा. त्यांचं बोट जिथं अडेल, तिथं तुमची चूक आहे.

थांबतो इथं. नमस्कार.